जुन्या पोथ्यांची साक्ष

(धर्मग्रामाच्या जयंती-महोत्सवांत पांचगणी येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें या प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हां आम्ही या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगूं, अशी आपणांपैकीं पुष्कळांची अपेक्षा असावी. परंतु तें काम या स्मरणिकेंत इतर लेखकांनीं आमच्यापेक्षां अधिक चांगल्या रीतीनें केलें आहे. म्हणून आम्हीं मुद्दाम निराळा विषय घेतला आहे. पवित्र शास्त्राचीं जीं जुनीं हस्तलिखितें जगांत आहेत तीं खरीं कशावरून, आणि आज ज्यांच्या हातीं आहेत त्यांच्या हातीं तीं कोणत्या मार्गानें आलीं, हे दोन प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचे आहेत.

असा विषय निवडण्यास कारण आहे. अलीकडे आमच्या तरुण मंडळींपैकीं कोणी ना कोणी हातांत मोबाइल घेऊन येतो आणि विचारतो, "फादर, दीड हजार वर्षांपूर्वींचें एक शुभवर्तमान सांपडलें असून ख्रिस्तसभेनें तें दडवून ठेवलें आहे, हें खरें काय?" दुसरा विचारतो, "प्रभु येशू हिंदुस्थानांत येऊन शिकला असें लडाखच्या मठांतील पोथींत लिहिलें आहे म्हणतात. मग तें आपण कां वाचत नाहीं?" असे प्रश्न करणाऱ्यांवर रागावणें धर्मगुरूस शोभत नाहीं, आणि त्यांना हसण्यावारी नेणें तर मुळींच शोभत नाहीं. आपला हा पसरणीचा घाट उतरून गेलें कीं वाई लागते. तेथें प्राज्ञपाठशाळेनें धर्मकोशाच्या थोर कामासाठीं जुने ग्रंथ अक्षर अक्षर ताडून पाहिले. पोथी म्हणजे काय, तिच्यावर कितपत विसंबावें व कोठें थबकावें, हें आमच्या शेजाऱ्यांस ठाऊक आहे. आपल्या धर्मग्रंथाविषयीं आपण त्यांच्यापेक्षां अजाण राहूं नये.

प्रथम मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. संत मत्तय, मार्क, लूक, योहान किंवा संत पौल यांच्या स्वतःच्या हातचें एकहि पान आज उपलब्ध नाहीं. आपणांजवळ आहेत त्या प्रतींच्या प्रती. हें ऐकून कोणाचें मन दचकण्याचें कारण नाहीं. ज्ञानेश्वरांच्या काळची ज्ञानेश्वरी तरी कोठें आहे? लोकांच्या हातीं असलेल्या प्रतींत अपपाठ शिरले आहेत असें पाहून शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं प्रती ताडून त्या ग्रंथाचें शुद्धीकरण केलें, आणि यापुढें कोणी आपली ओवी तींत घालूं नये अशी ताकीदहि दिली. त्यांच्याहि सुमारें बाराशें वर्षें आधीं पोप दमासस यांच्या सांगण्यावरून संत जेरोम यांनीं लॅटिन शुभवर्तमानांचें हेंच काम केलें होतें. आणि लोक आपणांस ग्रंथ बिघडविणारा म्हणतील, ही धास्ती त्यांनीं आपल्या प्रस्तावनेंत बोलूनहि दाखविली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिच्यासाठीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहिलीं गेलीं. त्यामुळें महाभारत खोटें ठरलें असें कोणी म्हणत नाहीं. उलट कोणता श्लोक जुना, कोणता मागाहून आलेला, हें अधिक नीट कळूं लागलें.

नव्या कराराचीं ग्रीक हस्तलिखितें, लहानमोठीं धरून, पांच हजारांच्या वर आहेत. त्यांच्यांत पाठभेदहि हजारों आहेत. परंतु त्यांतील फार मोठा भाग शुद्धलेखनाचा, शब्द मागेंपुढें होण्याचा, अथवा लेखकाची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरल्याचा आहे. ज्यानें लहानपणीं शुद्धलेखन उतरून काढलें असेल त्याला या चुका ओळखीच्या वाटतील. मोठे म्हणण्यासारखे दोन भेद मात्र प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यानें जाणले पाहिजेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायांतील नवव्या वचनापासून शेवटपर्यंतचा भाग, आणि योहानाच्या आठव्या अध्यायांतील व्यभिचारी स्त्रीस प्रभूनें क्षमा केल्याची कथा, हे दोन्ही भाग व्हॅटिकनमधील व सिनाय पर्वतावरील, अशा चौथ्या शतकांतील दोन अतिप्राचीन प्रतींत नाहींत. ख्रिस्तसभेनें हें लपविलें आहे काय? मुळींच नाहीं. आज छापल्या जाणाऱ्या कोणत्याहि चांगल्या बायबलांत त्या पानाच्या तळाशीं तशी टीप असते.

मग हे भाग आपण मिस्सामध्यें कां वाचतों, असें कोणी विचारील. येथें दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळूं देतां कामा नयेत. एखादा उतारा संत मार्कानें स्वतः लिहिला कीं दुसऱ्या कोणी, हा एक प्रश्न. तो देवप्रेरित शास्त्राचा भाग आहे कीं नाहीं, हा दुसरा. १५४६ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें शास्त्रांतील ग्रंथ, ख्रिस्तसभेंत जसे परंपरेनें वाचले जात आले तसे, त्यांच्या सर्व भागांसह पवित्र म्हणून स्वीकारले. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यांत आहे. पहिला प्रश्न विद्वानांच्या शोधासाठीं खुला आहे. तो खुला राहिल्यानें श्रद्धेचें कांहींएक जात नाहीं.

आतां दूरदेशाच्या गोष्टी क्षणभर बाजूस ठेवून आपल्या मराठी भाषेंतलेंच उदाहरण घेऊं. फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मले, येशूसंघांत शिरले, १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, आणि सासष्टींत आयुष्य वेंचून १६१९ सालीं वारले. त्यांनीं रचिलेल्या ख्रिस्तपुराणाचे दोन भाग. पैलें पुराण जुन्या कराराच्या कथेवर, व दुसरें प्रभूच्या चरित्रावर. दोन्ही मिळून सुमारें अकरा हजार ओव्या. हा ग्रंथ १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांत रोमी अक्षरांत छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हा निघाला. पुढें १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला. तिन्ही छापील आवृत्त्यांपैकीं एकाहि आवृत्तीची एकहि प्रत आज कोठें असल्याचें माहीत नाहीं. उरल्या त्या गोव्यांतील व कानडा प्रांतांतील ख्रिस्ती घराण्यांत हातानें उतरलेल्या पोथ्या. जगांत सामान्यतः हस्तलिखितें नष्ट होतात आणि छापील ग्रंथ राहतो. येथें तो न्याय उलटा झाला. चाळीसदिवसांच्या उपवासकाळांत ज्या आजीबाई त्या ओव्या म्हणत त्यांनीं, व ज्या घरांनीं त्या पोथ्या पेटींत जपल्या त्यांनीं, जें काम केलें तें छापखान्यासहि साधलें नाहीं. अशाच पोथ्यांवरून जे. एल. साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास हा ग्रंथ रोमी लिपींत पुन्हा छापिला, आणि १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत आणिला.

याच सुमारास वाद उभा राहिला होता तो असा. मराठी संतकवींचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध असलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांस १९२० नंतरच्या दशकांत लंडनच्या प्राच्यविद्या-शाळेंत ख्रिस्तपुराणाचें एक देवनागरी हस्तलिखित आढळलें. तें विल्यम मार्सडेन या विद्वानाच्या संग्रहांतलें. त्यांत पहिल्या भागास आदिपुराण व दुसऱ्यास देवपुराण असें नांव आहे. आणि रोमी पोथ्यांत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन धार्मिक शब्द येतात, तेथें पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. ॲबट यांनीं जाहीर केलें कीं, हाच मूळ ग्रंथ होय.

ॲबट यांच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. फादर स्टीफन्स यांचें मराठीवरचें प्रेम जगजाहीर. १६०८ सालीं त्यांनीं रोमला आपल्या वरिष्ठांकडे पत्र लिहून येथल्या लिपीचे खिळे पाडून छापण्याची परवानगी मागितली होती. अशा मनुष्यानें आपलें काव्य प्रथम देशी लिपींत व देशी शब्दांनीं लिहिलें असेल, आणि छापखान्यांत रोमी अक्षरेंच असल्यामुळें तें मागाहून रोमींत गेलें असेल, ही कल्पना मनास पटते. धर्मसिद्धांताचे शब्द छापतांना वरिष्ठांच्या पसंतीचे लॅटिन शब्द घालावे लागले असतील, असेंहि म्हणतां येतें.

परंतु मनास पटणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे. हस्तलिखितें पारखणाऱ्यांचा एक जुना नियम आहे कीं, दोन पाठांपैकीं जो अवघड वा परका तो बहुधा जुना. कारण नकलकार परका शब्द काढून ओळखीचा घालतो, ओळखीचा काढून परका सहसा घालीत नाहीं. त्या नियमानें पाहिलें तर रोमी पोथ्यांतील पोर्तुगीज शब्दच मूळचे, आणि देवनागरी प्रतींतले संस्कृत शब्द मागाहून कोणा सुसंस्कृत हातानें घातलेले, असा निष्कर्ष निघूं शकेल. लिपि देवनागरी आहे एवढ्यावरून ती प्रत ग्रंथकाराच्या जवळची ठरत नाहीं. रोमींतून देवनागरींत उतरवून घेणारा मनुष्य पुढल्या काळांतहि असूं शकतो. बंडेलूंनीं साडेतीनशें वर्षांनीं तेंच केलें. म्हणून केवळ शब्दांच्या तराजूनें हा वाद तुटणार नाहीं; कागद, त्यावरील जलचिन्ह, शाई, अक्षराचें वळण आणि मालकीची सांखळी, हे पांच साक्षीदार बोलाविले पाहिजेत. विद्वानांचें या बाबतींत अद्याप एकमत नाहीं. आमचें मत विचाराल तर मार्सडेन-प्रत ही मोठ्या मोलाची साक्षीदार आहे, पण तिला मूळ म्हणण्याचा अधिकार तिनें अजून सिद्ध केलेला नाहीं.

आणखी एक लहान गोष्ट येथेंच सांगतों, कारण तिच्यावरून योहानाच्या आठव्या अध्यायाचाहि उलगडा होतो. कानागांवच्या लग्नांत प्रभूनें पाण्याचा द्राक्षारस केला, हा प्रसंग ख्रिस्तपुराणांत आज वाचावयास मिळतो. पण त्या ओव्या फादर स्टीफन्स यांच्या नव्हेत, त्या पास्कोआल गोमिश द फारिया या पुढच्या पाद्र्यानें रचून जोडल्या. त्यांनीं ही लबाडी केली काय? नाहीं. लोकांच्या आवडीचा शास्त्रांतलाच एक प्रसंग राहून गेला होता, तो त्यांनीं भरून काढिला, आणि भर कोणाची हें नांवानिशीं ठाऊक राहिलें. भर घालणें हें पाप नाहीं. दुसऱ्याच्या नांवावर आपली भर खपविणें हें पाप आहे.

आतां दुसरा प्रश्न. पोथी हातीं आली कशी?

मार्सडेन यांनीं आपला ग्रंथसंग्रह १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला, व तेथून तो पुढें प्राच्यविद्या-शाळेकडे आला. त्यांच्याच संग्रहांतील गोव्याच्या येशूसंघीयांचे जुने कागद आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पोर्तुगीज सरकारनें १७५९ सालीं आपल्या मुलुखांतून येशूसंघीयांस हांकून दिलें, त्यांचीं घरें व ग्रंथालयें जप्त झालीं. आणि ज्यांचे राखणदारच गेले ते कागद वाऱ्यावर पडले. घरचा माणूस गेला कीं पेटींतली पोथी रद्दींत जाते, हा अनुभव मोठ्या संघांसहि चुकला नाहीं.

सिनाय पर्वतावरील संत कॅथरीनच्या मठांतील प्राचीन बायबलाची कथा याहून बोधप्रद आहे. जर्मन विद्वान टिशेनडोर्फ यांनीं १८४४ सालीं तेथून त्रेचाळीस पानें लाइप्झिगला नेलीं. १८५९ सालीं ते रशियाच्या झारच्या आश्रयानें पुन्हा गेले आणि राहिलेला मोठा भाग, परत करण्याचें लेखी वचन देऊन, उसना घेऊन गेले. तो परत गेला नाहीं. दहा वर्षांनीं झारला दान दिल्याचा कागद झाला, आणि त्या दानाविषयीं मठांतील साधूंचें समाधान आजवर झालेलें नाहीं. १९३३ सालीं सोव्हिएट सरकारनें तें बायबल एक लाख पौंडांस ब्रिटिश म्यूझियमला विकलें. १९७५ सालीं मठांतच आणखी कांहीं पानें निघालीं. अशा रीतीनें एकच ग्रंथ आज लंडन, लाइप्झिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाय अशा चार ठिकाणीं विखुरला आहे. या चारहि संस्थांनीं २००५ सालीं करार करून त्याचीं सर्व पानें छायाचित्ररूपानें एकत्र आणलीं, व २००९ पासून तीं कोणासहि इंटरनेटवर पाहतां येतात. टिशेनडोर्फची विद्वत्ता खरी, ग्रंथ खरा. तरी मिळविण्याची रीत वादाची राहिली. ग्रंथाचा खरेपणा मिळविणाऱ्याच्या वर्तनास शुद्ध करीत नाहीं.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशांतलें आहे. १८०६ सालीं क्लॉडियस ब्युकॅनन हे अँग्लिकन पाद्री मलबारांत गेले असतां तेथील सिरियन ख्रिस्ती लोकांचे धर्माध्यक्ष मार दियोनिसियस यांनीं आपल्याजवळचें सुरियानी भाषेंतील प्राचीन बायबल त्यांस भेट दिलें. तें आज केंब्रिज विद्यापीठांत आहे. देणारा कोण, घेणारा कोण, सांल कोणतें, सगळें उजेडांत. देणगी कशी असावी याचा हा नमुना.

पण त्याच सुरियानी ग्रंथांच्या बाबतींत कॅथलिक म्हणून आपण एक गोष्ट विसरतां कामा नये. १५९९ सालीं गोव्याचे महागुरुस्वामी मेनेझिश यांनीं उदयंपेरूर येथें धर्मपरिषद भरविली, आणि त्या लोकांचे सुरियानी ग्रंथ दुरुस्तीसाठीं हजर करावे, दोषी ठरतील ते जाळावे, असे ठराव झाले. त्या आगींत काय काय गेलें याची आज केवळ हळहळ करतां येते. गोव्यांतहि तसेंच. १५५९ सालच्या येशूसंघीयांच्या पत्रव्यवहारांत वर्णन आहे कीं, एका नवख्रिस्ती गृहस्थाच्या साह्यानें एका ब्राह्मणाच्या घरांतून पुराणाचे ग्रंथ उचलून आणले गेले व त्यांतील भाग खंडनासाठीं भाषांतरित करण्यांत आले. महाभारत-रामायणाच्या कथांच्या रोमी अक्षरांतील तीन पोथ्या आज पोर्तुगालांतील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत आहेत. त्या काळच्या आपल्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांस त्यांच्यावांचून गत्यंतर नाहीं.

हें सांगतांना आमचा हेतु पूर्वजांस दोष देत बसण्याचा नाहीं. पण ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच असा प्रसंग आहे कीं, जुनीं पुराणें हातचीं गेल्यावर आम्ही वाचावें काय, असें एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांस विचारतो, आणि त्या मागणीवरून हा ग्रंथ रचला जातो. म्हणजे आपल्या भाषेंतील सर्वांत सुंदर ख्रिस्ती काव्य ज्या रिकाम्या जागेंत उगवलें, ती जागा लोकांचे ग्रंथ काढून घेतल्यानें रिकामी झाली होती. फादर स्टीफन्स यांनीं ज्या ओवीछंदांत लिहिलें तो छंदहि त्याच काढून घेतलेल्या ग्रंथांचा. हें ऋण ज्यानें ओळखलें तो दुसऱ्याच्या धर्मग्रंथास कधीं हलक्या हातानें उचलणार नाहीं, आणि स्वतःच्याहि नाहीं.

राहिली लबाडीची गोष्ट. लडाखच्या पोथीविषयीं तरुण मंडळी विचारतात, तिचा वृत्तांत असा. निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशानें १८९४ सालीं पॅरिसमध्यें पुस्तक छापून सांगितलें कीं, हेमिसच्या मठांत आपण येशूच्या अज्ञात चरित्राची पोथी वाचून घेतली. मॅक्स म्यूलर यांनीं त्याच वर्षीं शंका घेतली. पुढें आग्र्याच्या कॉलेजांतील प्राध्यापक डग्लस हे १८९५ सालीं स्वतः हेमिसला गेले. मठाच्या मुख्य लामांनीं तशी कोणतीहि पोथी नसल्याचें त्यांस स्पष्ट सांगितलें, आणि तें त्यांनीं १८९६ सालीं छापून प्रसिद्ध केलें. कोणत्याहि पोथीचा पहिला प्रश्न असा कीं, ती कोठें आहे? नोतोविचची पोथी कोठेंच नव्हती.

१८८३ सालीं शापिरा नांवाच्या जेरुसलेमच्या व्यापाऱ्यानें अनुवाद ग्रंथाच्या कातडी पट्ट्या लंडनला दहा लाख पौंडांस विकावयास आणल्या. पंडितांनीं त्या बनावट ठरविल्या, आणि पुढच्या वर्षीं त्यानें रॉटरडॅम येथें आत्महत्या केली. पुढें १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत खरोखरीचीं प्राचीन हस्तलिखितें निघूं लागलीं, त्यांत यशयाच्या ग्रंथाची अखंड गुंडाळी होती. ती तोंवर माहीत असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षां सुमारें हजार वर्षांनीं जुनी. आणि बारीकसारीक भेद सोडले तर ग्रंथ तोच. हजार वर्षांच्या नकलकारांनीं आपलें काम किती निष्ठेनें केलें, याची यापरती साक्ष कोणती? परंतु खऱ्या नाण्याच्या मागें खोटें नाणें येतेंच. अमेरिकेच्या राजधानींतील बायबल-संग्रहालयानें मृत समुद्राचे म्हणून विकत घेतलेले सोळा तुकडे सर्वच्या सर्व बनावट असल्याचें २०२० सालीं तपासांत ठरलें, आणि तें त्या संग्रहालयानेंच जाहीर केलें. घेणारे भाविक होते, पैसा मुबलक होता; पण हा तुकडा कोणत्या गुहेंतून, कोणाच्या हातून, कोणत्या सालीं आला, हा प्रश्न खरेदीच्या आधीं कसून विचारला गेला नव्हता. भाविकपणा हा पारखीचा पर्याय नव्हे. उलट आपल्याला जें पाहावेंसें वाटतें तेंच विकणारा दाखवितो, म्हणून भाविकानें दुप्पट सावध असावें.

यावरून दोन्ही प्रश्नांचा संबंध आपल्या ध्यानांत आला असेल. जी पोथी चोरवाटेनें येते तिचा जन्म लपविला जातो. आणि जिचा जन्म लपविला तिच्या खरेपणाचा अर्धा पुरावा गेला. खरेपणा आणि प्रामाणिकपणा हे आमच्या भाषेंत जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द आहेत, आणि पोथ्यांच्या बाबतींत ते तसेच निघतात.

कोणी म्हणेल, फादर, या सर्वांशीं आम्हां पांचगणीकरांचा काय संबंध? संबंध असा. या धर्मग्रामांतील घराणीं कोणी गोव्याहून, कोणी मंगळुराहून, कोणी वसईहून, कोणी देशावरून येथें आलीं. त्यांच्या ट्रंकांत आजोबांचें रोमी अक्षरांतलें गाण्याचें बाड असेल, उपवासकाळच्या ओव्यांची वही असेल, जुनें प्रार्थनापुस्तक असेल, ज्याच्या कोऱ्या पानावर चार पिढ्यांचे जन्म व बाप्तिस्मे लिहिले असतील. धर्मग्रामाच्या कपाटांत जुन्या नोंदवह्या असतात. येथल्या चार महिन्यांच्या पावसांत भिंतींस ओल येते, कपाटास बुरशी येते, आणि कसर व वाळवी पाठभेद पाहत नाहींत. साल्ढाणांच्या हातीं ज्या पोथ्या आल्या त्या अशाच घरांतून आल्या होत्या. अकरा हजार ओव्या वांचल्या त्या कोणा राजाच्या भांडारामुळें नव्हे, सामान्य कुटुंबांच्या पेटाऱ्यांमुळें.

म्हणून महोत्सवाचें निमित्त साधून आमची आपणांस कांहीं कळकळीचीं मागणीं आहेत. जुनें बाड जमिनीस वा भिंतीस टेकवून ठेवूं नका. स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून कोरड्या ठिकाणीं ठेवा आणि दिवाळीनंतर उघडून वारा द्या. फाटलें तर चिकटपट्टी लावूं नका, प्लॅस्टिकमध्यें पक्कें बंद करूं नका. तीं औषधें रोगापेक्षां वाईट. प्रत्येक पानाचें छायाचित्र काढून ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हें बाड कोणाचें, कोणत्या गांवाहून, कोणाकडून कोणाकडे आलें, हें एका निराळ्या कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. आजींना विचारा, त्या आहेत तोंवर विचारा. मार्सडेनच्या प्रतीसोबत असा एक कागद असता तर शंभर वर्षांचा वाद एका दिवसांत मिटला असता.

कोणी गोड बोलून, जुनें पुस्तक आहे म्हणून, हजार-पांचशें रुपये पुढें करील, तर विकूं नका. पंचाहत्तर वर्षांहून जुनीं, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचीं हस्तलिखितें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतात, व तीं सरकारी परवानगीवांचून परदेशीं नेतां येत नाहींत. सांभाळणें शक्य नसेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर हेरास यांनीं १९२६ सालीं स्थापन केलेल्या संशोधन-संस्थेसारख्या ठिकाणीं रीतसर, पावती घेऊन द्या. दान देणाऱ्याचें नांव जेथें लिहिलें जातें तेंच दान. नाहीं तर ती गळती.

शेवटीं श्रद्धेविषयीं. आमची श्रद्धा एखाद्या पानावर टांगलेली नाहीं. शब्द देही झाला, तो कातड्यावर वा कागदावर नव्हे, मनुष्यदेहांत झाला. आणि शुभवर्तमानें लिहिलीं जाण्याच्या आधींपासून ख्रिस्तसभा प्रभूचें नांव घेत होती, भाकर मोडीत होती. म्हणून एखादा तुकडा बनावट निघाला तर आम्ही भीत नाहीं, आणि एखादा खरा निघाला तर त्याच्या जोरावर आम्ही वादांत कोणास दपटवीत नाहीं. परंतु जो प्रभु स्वतःस सत्य म्हणवितो त्याच्या नांवानें खोटी पोथी पुढें करणें, अथवा खरी पोथी खोट्या मार्गानें मिळविणें, हें त्याच्याच आज्ञेविरुद्ध आहे. आणि त्याच्या लोकांनीं हातांनीं उतरून, पोटाशीं धरून आणलेला ग्रंथ आपल्या आळसानें वाळवीस घालणें, हेंहि तसेंच.

या महोत्सवाच्या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरची एक जुनी वही बाहेर काढावी आणि तिची कुळकथा लिहून ठेवावी. त्या कागदांची एकेक नक्कल धर्मग्रामाच्या दप्तरांत ठेवण्यासाठीं आम्ही एक कोरी वही आजच उघडली आहे. येत्या रविवारपासून ती मिस्सानंतर टेबलावर असेल. शाईचा दौतटाकहि असेल.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.